सरवा वेचणाऱ्या तिघी : या चित्रात तुम्हाला काय दिसतं?

निळी_शाई (सोमवार, रात्री ९:४०)

परवा आईला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. नंबर लागायला तासभर होता. समोरच्या भिंतीवर एक चित्र होतं, तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं. पीक कापून रिकामं झालेलं शेत आणि तीन बायका. दोघी कमरेत पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचं, १८५७ सालचं. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. हे चित्र मी पंचवीस वर्षं ओळखते असं मला वाटायचं. माझ्या लेखी त्या 'शेतात राबणाऱ्या बायका' होत्या. खुरपणी-बिरपणी चालली असेल.

आईने (वय ७८, माहेर करमाळ्याकडचं) चष्मा पुसला, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "सरवा वेचतायत. पीक बघ कुठं चाललंय अन् ह्या कुठं आहेत."

सरवा म्हणजे पीक काढून नेल्यावर रानात मागे राहिलेलं, वेचून घ्यायचं धान्य. मग मी पहिल्यांदा चित्राच्या मागच्या बाजूला पाहिलं. लांबवर गव्हाच्या डोंगराएवढ्या गंज्या. खच्चून भरलेली गाडी. कापणीवाल्यांचा घोळका. उजवीकडे कोपऱ्यात घोड्यावर बसलेला एक माणूस, मुंगीएवढा. सगळं सोनेरी आणि धुरकट. आणि पुढ्यात या तिघी, मूठ-मूठ काड्या घेऊन.

तेवढ्यात आत बोलावलं, आईची दाढ निघाली, विषय राहिला. पण डोक्यातून जात नाहीये. तुम्हाला हे चित्र दुःखी वाटतं की शांत? मला इतकी वर्षं शांत वाटायचं, आणि आता त्याचीच थोडी लाज वाटतेय. दुसरं, ती उजवीकडची तिसरी बाई नक्की काय करतेय?

अर्धा_कप (सोमवार, रात्री ९:५२)

पहिला!

तिसरी बाई मुकादम बघतोय का ते बघतेय. आमच्या ऑफिसात दर तिघांमागे एक अशी असते.

(आईंची दाढ कशी आहे?)

रंगपेटी (सोमवार, रात्री ११:१५)

छान धागा. मी शाळेत चित्रकला शिकवते, दर वर्षी नववीला हे चित्र दाखवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या आईंनी एका वाक्यात जे सांगितलं ते समजावायला मला एक तास लागतो. आधी क्षितिज बघा. ते खूप वर घेतलंय. दोघींची डोकी त्याच्या पार खाली आहेत, तिसरीचं जेमतेम त्या रेषेला टेकतंय. म्हणजे एवढं आभाळ असून त्या आभाळात एकीचंही डोकं मोकळं जात नाही. जमिनीनेच त्यांना धरून ठेवलंय. मुलांना मी सांगते, अंगठा आडवा धरून क्षितिजाच्या वरचा भाग झाका. तिघी तशाच पूर्ण दिसतात. वरचं गेलं तरी त्यांचं काही बिघडत नाही.

मग उजेड बघा. कलत्या उन्हाचा आहे, आणि तो त्यांच्या मानेवर, खांद्यांवर, पाठीवर, हातांवर पडलाय. चेहऱ्यावर नाही. चेहरे जवळजवळ नाहीतच. मिलेला या तिघींची नावगावं सांगायची नव्हती, पाठी सांगायच्या होत्या. मागच्या गंज्यांची गोलाई आणि या पाठींची गोलाई ताडून बघा, सारखीच आहे.

आता तिसरीबद्दल. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं उत्तर असं की त्या तीन बायका नाहीत, एकाच हालचालीचे तीन टप्पे आहेत. डावीकडची शोधतेय, मधली उचलतेय, उजवीकडची उचललेलं सारखं करतेय. सिनेमाच्या रिळातली तीन चित्रं शेजारी ठेवल्यासारखं. ते पाठ वाकवणं-सरळ करणं दिवसभर चालणार, हे एका चित्रात सांगायची ही युक्ती.

डावीकडचीचा निळा रुमाल आणि मधलीचा लालसर रुमाल बघा. एवढ्या मातकट चित्रात तेवढेच रंग ठणठणीत आहेत.

तिरकी_मान (मंगळवार, सकाळी ८:०५)

सगळं खरं, पण एक विचारतो. गरिबी अशी सोनेरी उजेडात, सुबक गोलाईत मांडली की ती दिवाणखान्यात लावायच्या लायकीची होते. दवाखान्याच्या भिंतीवर हे चित्र आलं कसं? दुःखी असतं तर कुणी लावलं असतं का? तुम्हाला इतकी वर्षं शांत वाटलं यात तुमची चूक नाही. चित्रच तसं काढलंय.

हिशोबही बघा. मिलेला या चित्राचे ३,००० फ्रँक मिळाले. १८८९ मध्ये हेच चित्र एका शॅम्पेन कंपनीच्या मालकीणबाईंनी, मादाम पॉमरी यांनी, ३,००,००० फ्रँकला घेतलं आणि मग ते देशाला दिलं. तोवर मिलेला जाऊन चौदा वर्षं झाली होती. सरवा वेचणाऱ्यांना काय मिळालं ते विचारूच नका.

पाचुंदा (मंगळवार, सकाळी ८:३१)

रामराम. मी बार्शी तालुक्यातला, घरची शेती आहे. चित्रातलं फार कळत नाही, पण शेतातलं सांगतो.

धागाकर्तीताई, मागं दिसतात त्या गंज्या नव्हेत. गंजी कडब्याची असते. दाण्यासकट पीक रचलं की ती सुडी. मळणी व्हायची आहे म्हणून तर एवढी माणसं आणि एवढी राखण. सुडी म्हणजे वर्षाचं सगळं उघड्यावर पडलेलं, त्या दिवसांत मालकाला झोप नसते. घोड्यावरचा त्यासाठीच आहे. बायकांवर नजर ठेवायलाच आलाय असं समजू नका.

चित्रकार शेतातला आहे हे मात्र पटलं. डावीकडचीचा एक हात पाठीवर गेलाय आणि त्या हातात वेचलेली मूठ आहे. शहरातला माणूस तो हात पुढं काढेल. पण वाकून वेचताना भरलेला हात पुढं असला की मध्ये येतो, काड्या मातीला घासतात. आमच्याकडं बायका ज्वारीची कणसं वेचताना अगदी असाच हात मागं टाकतात. आणि मधलीनं कमरेचं फडकं उचलून खोळ केलीय. ती ओटी. सुटी कणसं ओटीत आणि लांब काडीची मुठीत, हे कुणी शिकवत नाही, करता करता येतं.

आमच्याकडं सरवा जास्त भुईमुगाचा. वेल उपटून नेले तरी शेंगा मातीत राहतातच. वडील असेपर्यंत आमच्या रानात सरव्याला कधी कुणाला अडवलं नाही.

रंगपेटी (मंगळवार, सकाळी ९:१०)

पाचुंदा, पाठीवरच्या हाताचं माझ्या पंधरा वर्षांत लक्षात आलं नाही. मी मुलांना 'पाठ दुखतेय म्हणून हात ठेवलाय' असं सांगत होते! यंदाच्या नववीची माफी मागावी लागणार.

आणि हो, मिले शेतकऱ्याच्या घरचाच. १८१४ चा जन्म, नॉर्मंडीतल्या समुद्राकाठच्या ग्रुशी नावाच्या वाडीतला. पोरवयात नांगर-फावडं सगळं केलेलं. पॅरिसला शिकला खरा, पण १८४९ मध्ये शहरात कॉलरा पसरला तेव्हा बायकामुलांना घेऊन बार्बिझाँ गावी गेला, तो १८७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. हे शेत तिथलंच, शेजारच्या शायी गावाचं सपाट रान.

चिंचेचं_बुटुक (मंगळवार, दुपारी १:२०)

नेहमी वाचनमात्र असते, आज राहवलं नाही.

मी सरवा वेचलाय. आठवीपर्यंत. परभणी जिल्ह्यात, दुसऱ्यांच्या शेतात, कारण आम्हाला शेत नव्हतं. आई, मी, धाकटी बहीण. तुम्ही सगळे तिघींच्या पाठीबद्दल बोलताय. पाठीचं काही नसतं हो त्या वयात. बोटांचं असतं. गव्हाच्या कुसळांनी बोटांची टोकं चिरतात, आणि रात्री मिरची वाटायला बसलं की कळतं. कापलेल्या धाटाची बुडखं पायाला टोचतात ती वेगळीच. चपला नव्हत्या.

पण वाईट दिवस होते असंही मला म्हणता येत नाही. मालकाच्या कामावर गेलं की पात (आपल्या वाट्याची ओळ) धरायची, पुढच्या बाईच्या मागे पडलं की बोलणी खायची. सरव्याला पात नसते. आपल्या मनाने इकडेतिकडे फिरायचं, जे सापडेल ते आपलं. पूर्ण आपलं. सातवीची भूगोलाची वही मी भुईमुगाच्या सरव्यातून घेतली होती. ती वही बहिणीला हात लावू दिला नव्हता.

म्हणून दुःखी की शांत, याचं उत्तर मला देता येत नाही. चित्रातल्या तिघी एकमेकींशी बोलत नाहीयेत एवढं मात्र बरोबर आहे. सरव्याला बोलत नाहीत. डोळे जमिनीवर लागतात.

पाचुंदा, राग मानू नका, पण 'अडवलं नाही' हे वाक्य मी खूप मालकांकडून ऐकलंय. नाही अडवलं, मान्य. पण आधी तुमचं माणूस शेतातून दोनदा फिरून जायचं, मगच आम्हाला सोडायचं. दोनदा फिरल्यावर काय राहतं?

पाचुंदा (मंगळवार, दुपारी २:०२)

ताई, राग कशाचा. फिरायचं माणूस, खरं आहे. एकदा. दोनदा नाही.

चिंचेचं_बुटुक (मंगळवार, दुपारी २:०६)

बरं, एकदा. :)

नगरवाली (मंगळवार, संध्याकाळी ५:४५)

वरचा प्रतिसाद वाचून थांबले होते, आता लिहिते.

आमचं घर ख्रिस्ती, आजोबा नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत मास्तर. मराठी बायबलमध्ये हाच शब्द आहे, सरवा. मोशेच्या नियमांत येतं की शेत कापताना कडेकोपरे झाडून कापू नका, पडलेला सरवा वेचू नका, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. आणि रूथची गोष्ट तर पूर्ण सरव्यावरच उभी आहे. परदेशातून आलेली विधवा सून, सासूला पोसायला बवाजाच्या शेतात सरवा वेचते. बवाज कापणी करणाऱ्यांना सांगून ठेवतो की तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतून थोडं ओढून टाका. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला वाटायचं रूथ राहुरीकडचीच.

मिलेला ही गोष्ट तोंडपाठ असणार. या चित्राआधी चार वर्षं, १८५३ च्या प्रदर्शनात, त्याने कापणीवाले जेवायला बसलेत आणि मालक एका लाजणाऱ्या सरवावालीला त्यांच्यात घेऊन येतोय असं मोठं चित्र लावलं होतं. ते रूथ-बवाजचंच. आता बोस्टनला आहे. गंमत ही की त्या चित्रात मालक तिला हाताने जवळ आणतो. १८५७ मध्ये मालक उरलाच नाही, घोड्यावरचा ठिपका उरला. मला तरी या दोन चित्रांच्या मधल्या अंतरातच सगळी गोष्ट दिसते.

कलम_३७९ (मंगळवार, रात्री १०:३०)

वकिली पेशा, तेव्हा विषय हक्काकडे नेतो. सरवा ही भीक की हक्क?

फ्रान्समध्ये हा जुना कायदेशीर हक्क. १५५४ च्या राजाज्ञेत म्हातारे, लुळेपांगळे, लहान मुलं अशांना कापणीनंतर वेचायची मुभा दिली होती. क्रांतीनंतरच्या कायद्यांनीही तो ठेवला, पण अटी घालून. शेताला कुंपण नको, पीक पूर्ण उचललेलं हवं, आणि फक्त दिवसाउजेडी. सूर्य उगवायच्या आधी किंवा बुडाल्यानंतर वेचलं तर गुन्हा.

इंग्लंडमध्ये उलटं झालं. १७८८ साली स्टील विरुद्ध हॉटन या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की सरवा वेचण्याचा असा कुठलाही सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही, मालकाची मर्जी. मेरी हॉटन नावाची बाई हरली. गंमत अशी की निकाल लागला तरी खेड्यांत सरवा पुढे कितीतरी वर्षं चालूच राहिला. गावोगावी चर्चची घंटा वाजवून वेचायची वेळ सुरू आणि बंद करत. सगळ्यांना एकदम सोडायचं, म्हणजे पहाटे उठून कुणी आधी हात मारू नये.

म्हणजे चित्रातल्या बायका चोरून आलेल्या नाहीत. कायद्याने आलेल्या आहेत. घोड्यावरचा त्यांना हाकलू शकत नाही. माझ्या मते त्या मान खाली घालून काम करतात ती भीतीने नव्हे, वेळ मोजका आहे म्हणून.

अर्धा_कप (मंगळवार, रात्री १०:४१)

सदस्यनाम आणि प्रतिसाद यांचा एवढा उत्तम मेळ पहिल्यांदा पाहिला. जुन्या दंडसंहितेतलं चोरीचं कलम सांगतंय की ही चोरी नाही.

वऱ्हाडी_ठेचा (बुधवार, सकाळी ७:१५)

अवांतर होईल, पण आता सरवा कुठं राह्यला? आमच्याकडे सोयाबीनची सोंगणी हातानं होते तिथं थोडंफार राहते. गव्हात तर हार्वेस्टर आलं. एका तासात रान मोकळं, काडी बारीक करून फेकते, दाणा सांडतो तो मातीत असा विखुरतो की चिमण्यांनीच वेचावा. पुन्हा मालक लगेच रोटाव्हेटर घालते. कपाशीत वेचणी झाल्यावर बाया बोंडं पाहत फिरायच्या, तेही आता फरदड (वेचणी झाल्यावर पुन्हा येणारं पीक) नको म्हणून पऱ्हाटी लवकर उपटतात. बोंडअळीमुळे.

मिलेच्या चित्रातला गहू बी पहा, पाठीमागच्या सुड्या पाहून वाटते काडी चांगली लांब असन. आताचा बुटका गहू आला तो १९६० नंतर. लांब काडी होती म्हणून हातात मूठ धरता येत होती.

सीन_काठी (बुधवार, दुपारी ३:५०)

पॅरिसहून, सीन नदीच्या काठावरून. (आयडीचा अर्थ आता कळेल.) धागा वाचून आज दुपारी मुद्दाम ऑर्सेला गेले. पूर्वीचं रेल्वे स्टेशन आहे ते, १९८६ पासून संग्रहालय.

पहिली गोष्ट, चित्र मोठं नाही. साधारण ८३ गुणिले ११० सेंटिमीटर, आपल्याकडच्या दोन पानी खिडकीएवढं. प्रिंटमध्ये मागचा भाग पिवळा धमक दिसतो तसा तो नाही. धुळीचा आहे, मळणीच्या दिवसांत हवेत भुस्सा असतो तसा. आणि जवळ गेलं की पुढची जमीन दिसते, जिच्याकडे कुणी बघत नाही. धाटाची बुडखं एकेक काढलीत. वर चिंचेचं_बुटुक यांनी लिहिलेलं पायाला टोचणं मला तिथे आठवलं.

तिरकी_मान, हे चित्र दिवाणखान्यात लावायच्या लायकीचं आहे असं तेव्हाच्या पॅरिसला अजिबात वाटलं नव्हतं. १८४८ ची क्रांती होऊन नऊ वर्षंच झाली होती. श्रीमंतांना गरिबांच्या गर्दीची धडकी भरलेली. एका समीक्षकाने या तिघींना दारिद्र्याच्या तीन नियतीदेवता म्हटलं. आपली सटवाई कशी कपाळावर लिहिते, तशा त्यांच्याकडे तिघी. म्हणजे तीन सटव्या, आणि लिहिणार काय तर दारिद्र्य. आणखी एकाला तर या तिघींच्या मागे १७९३ च्या क्रांतीतले भाले आणि फाशीचे तख्त दिसले. मूठभर काड्या वेचणाऱ्या बायकांमागे!

आता तुलनेसाठी त्याच इमारतीतलं दुसरं चित्र सांगते, झ्यूल ब्रतोंचं, १८५९ चं. विषय तोच, सरवा वेचणाऱ्या बायका, पण घरी निघालेल्या. संध्याकाळ झालीय, आभाळात चंद्राची कोर आहे, आणि कडेला गावचा राखणदार तोंडाशी हात धरून ओरडतोय, वेळ संपली, चला. बायका कशा, तर राण्यांसारख्या ताठ. डोक्यावर, खांद्यावर पेंढ्या, मान उंच, पाय अनवाणी पण सुंदर. हे सगळ्यांना आवडलं आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने विकत घेतलं. दिवाणखाना पाहिजे असेल तर तो तिथे आहे.

दोन्ही पाहून मला वाटलं, मिलेने काही ओरडून सांगितलं नाही. फक्त बायकांना सरळ उभं केलं नाही.

तिरकी_मान (बुधवार, संध्याकाळी ६:२०)

सीन_काठी, मान सरळ केली. ब्रतोंचं चित्र शोधून पाहिलं, मुद्दा मान्य. तरी माझं अर्धं म्हणणं टिकतं. १८५७ मध्ये लोकांना ज्याची भीती वाटली ते तीस वर्षांत शंभरपट किमतीला गेलं आणि आज दवाखान्यात लागतं. दात काढायला आलेल्या माणसाला धीर द्यायला. भीती कुठे गेली? चित्र तेच आहे.

रंगपेटी (बुधवार, संध्याकाळी ७:०२)

भीती गेली कारण सरवा गेला. वेचणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याला तीन वाकलेल्या बायका आणि छान उजेड एवढंच दिसणार. निळी_शाई यांना तेच झालं होतं (आणि मलाही, हात पाठीवरचा).

जाता जाता : व्हॅन गॉग सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात होता तेव्हा मिलेच्या चित्रांच्या छापील प्रती समोर ठेवून त्याने वीसेक चित्रं रंगवली. पेरणारा, कापणारा, दुपारी गंजीखाली झोपलेलं जोडपं. पैसे वसूल होणारा अभ्यास आहे, बघा. आणि अर्धा_कप यांच्यासाठी : बँक्सी या नाव लपवून चित्रं काढणाऱ्या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने २००९ मध्ये ब्रिस्टलच्या संग्रहालयात याच चित्राची प्रत लावली होती. त्यातून एक बाई कापून बाहेर काढलेली, आणि ती चौकटीवर बसून सिगारेट ओढतेय.

अर्धा_कप (बुधवार, संध्याकाळी ७:०९)

बघा! मी पहिल्याच प्रतिसादात म्हटलं होतं.

निळी_शाई (बुधवार, रात्री ९:३०)

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. चिंचेचं_बुटुक, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कुसळांचं बरोबर आहे." मी विचारलं, तू वेचला होतास का सरवा? म्हणाली, "आपलं शेत होतं की." आणि उठून देवापाशी दिवा लावायला गेली. शेत होतं, पण माझे आजोबा गेल्यावर चुलत्यांनी दोन वर्षं धान्य दिलं नव्हतं, एवढं मला अर्धवट ठाऊक आहे. पुढचं मी विचारलं नाही.

तिसऱ्या बाईचं मात्र अजून ठरलं नाही. रंगपेटींचे तीन टप्पे, अर्धा_कप यांचा मुकादम, की कंबर मोकळी करतेय?

चिंचेचं_बुटुक (बुधवार, रात्री ९:५५)

कंबर मोकळी करताना माणूस वर बघतं. ही हाताकडे बघतेय.

कलम_३७९ (बुधवार, रात्री १०:१०)

एक शंका. चित्रात एकही मूल नाही. सरव्याला मुलं असतातच ना? इथे तिघी मोठ्याच.

चिंचेचं_बुटुक (बुधवार, रात्री १०:१८)

असतात. पण मुलं लवकर कंटाळतात, बांधावर जाऊन बसतात. चौकटीच्या बाहेर असतील.

पाचुंदा (गुरुवार, सकाळी ११:४०)

काल रात्री धागा पुन्हा वाचला. आज सकाळी कांद्याच्या खुरपणीला बाया होत्या, त्यात एक म्हातारी आहे, सत्तरीच्या पुढची. आमच्या रानात तिच्या दोन पिढ्या राबल्या. न्याहारीच्या वेळी तिला मोबाइलवर चित्र दाखवलं. काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, आजी, काय चाललंय यांचं?

तिनं मोबाइल लांब धरला, मग जवळ घेतला. "सरवा." मी म्हणालो, ते कळलं, पण ही उजवीकडली काय करतिया?

म्हणाली, "ती शाणी हाय. बांधाया लागली. दिस बुडाया आला आसंल. ह्या दोघी आजून येचत्यातच."

मला पटकन लिंक लागली नाही. विचारलं, दिस बुडायचा न् बांधायचा काय संबंध?

"हाक आली की रानातनं निघायचं. तवा हातातलं सुटं ऱ्हायलं तर वाटंत सांडतंय. हुशार बाई हाक यायच्या आदी बांधून ठिवती."

म्हणलं, हाक कोण मारायचं?

माझ्याकडं बघून हसली. "तुमचं वडील. बांधावरनं शिट्टी घालायचे."

हे मला आजवर ठाऊक नव्हतं.